जलपर्णी का गुदमरली नाही

इचलकरंजीच्या ज्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर थांबत नाही, तिथली माणसे साहजिकच मोठ्याने बोलतात. मुकुल खारगे हा त्या गल्लीचा अपवाद होता. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसून तो कापडाची वीण आखून देई आणि खालच्या मागवाल्यांशी शक्यतो मानेनेच बोले. वाण्याने तुरीऐवजी मसूर बांधून दिली, तर ती निमूटपणे घरी आणून आठवडाभर शिजवणाऱ्यांपैकी तो होता. मात्र रविवारी दुपारी हाच मुलगा दोन हजार माणसांचे प्राण मुठीत घेऊन बसे.

ती दोन हजार माणसे ‘जलपर्णी’ नावाच्या यानात राहत. यान एका दूरच्या ताऱ्याकडे निघाले होते आणि निघालेल्यांपैकी कोणीही तिथे पोचणार नव्हते. पोचणार होती ती त्यांची नातवंडे-पतवंडे. या यानाला लोखंड लागत नसे. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणे एवढ्यावर चालणाऱ्या ‘दूरयान’ या खेळात ते तरंगत होते. खेळणाऱ्यांनी यानातली माणसे व्हायचे आणि एकाने सूत्रधार व्हायचे. त्याने संकटे आणायची, न दिसणाऱ्या भिंती शब्दांनी उभ्या करायच्या आणि नियम सांगायचे. मुकुल सूत्रधार होता. त्याचे टेबल चार गावांत विभागलेले होते. अमरावतीहून शर्वरी गावंडे खेळे. तिची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती आणि यानात ती दारांची अभियंता होती. बार्शीची रुबीना मुल्ला एरवी औषधांच्या दुकानात बसे आणि यानातही वैद्यच होती. वसईचे इनास तुस्कानो, सगळ्यांचे इनासकाका, चर्चच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत आणि यानात स्वयंपाकघर सांभाळत. दहा वर्षांत चौघे एकमेकांना पडद्यावरच भेटले होते.

खेळाचे नियमपुस्तक आरंभी चाळीस पानांचे होते. पण ‘कक्षा’ या संकेतस्थळावर जमणाऱ्या विज्ञानकथाप्रेमी मंडळींना कोणतीही गोष्ट साधी राहिलेली सोसत नाही. कोणी शेवाळाच्या टाक्यांचे नियम लिहिले, कोणी वजनरहित अवस्थेत फोडणी कशी द्यावी याचे. नाशिकच्या एका दंतवैद्यबाईंनी यानातल्या दातदुखीवर अठरा पाने खर्च केली, आणि ती कोणीही न वाचता सर्वांनी एकमताने मंजूर केली. दहा वर्षांत पुस्तक हजार पानांच्या पुढे गेले. नवा माणूस दारात येई, पुस्तकाचे आकारमान पाही आणि नम्रपणे परत जाई.

हे पुस्तक संपूर्ण पाठ असलेला मनुष्य बहुधा एकच होता. ते पाठांतर म्हणजे मुकुलचा बोलण्याचा परवाना होता. नियम सांगताना त्याचा आवाज कापत नसे. कारण तो आवाज त्याचा नसे, पुस्तकाचा असे.

आणि मग त्या वर्षी पंच आला.

पंच म्हणजे पोळपाटाएवढी एक पेटी. गोष्टी सांगणारी यंत्रे तोवर घरोघरी झाली होती, पण ती नियम पाळल्याचा आव आणत. पंच नियम खरोखर चालवी. हजार पाने वाचून तो प्रत्येक नियमाचे समीकरण मांडी, ती सारी समीकरणे एकमेकांत गुंफी, आणि विजेऐवजी प्रकाशावर चालणाऱ्या त्याच्या गणकात दोन हजार माणसे, त्यांच्या टाक्या, त्यांची भांडणे, अगदी दातदुखीसुद्धा, एकाच वेळी जगू लागे. एका दुपारी शंभर वर्षे. पुन्हा फासे टाकून पुन्हा शंभर वर्षे. असे हजारो वेळा. इतक्या गुंतागुंतीच्या गोष्टीचे भविष्य सूत्राने काढता येत नाही. घड्याळात चाके कितीही असोत, ते उघडले की कळते. ज्वारीच्या शिवारावर फिरणारा भोरड्यांचा थवा उघडून कळत नाही. तो उडू द्यावा लागतो. पंच थवा उडू देई आणि पाहत राही.

‘कक्षे’ने पंचाला पहिला मान म्हणून ‘जलपर्णी’च्या दहा वर्षांच्या नोंदी दिल्या. निकाल ऐकायला चौघे आपापल्या पडद्यासमोर बसले होते.

“हा प्रवास मी अनेक सहस्र वेळा चालवून पाहिला,” पंच म्हणाला. त्याचा आवाज जुन्या आकाशवाणी निवेदकासारखा संथ होता. “यान तिसऱ्या वर्षी, श्वासकोंडीच्या संकटात, गुदमरते. प्रत्येक वेळी.”

“प्रत्येक वेळी म्हणजे?” रुबीनाने विचारले. “अहो, माझी मुलगी सातव्या वर्षी झालीय यानात. बालवाडीत जातीय आता.”

“नियमांनुसार ती जन्मत नाही.”

“ह्याला आधी कुणीतरी बोलायला शिकवा रे,” इनासकाका म्हणाले.

पंच शांतपणे पुढे म्हणाला, “नोंदींत फाशांचे आकडे नाहीत, फक्त परिणाम आहेत. परिणाम इतके सातत्याने अनुकूल येणे संभाव्यतेला धरून नाही. सूत्रधाराचे फासे मात्र कोणी पाहत नाही. त्याने संकटांची धार गुपचूप बोथट केली असावी, हे सर्वांत सरळ स्पष्टीकरण ठरते.”

मुकुलच्या पडद्यावर तीन चेहरे होते, आणि प्रथमच त्या तिन्ही चेहऱ्यांवर त्याला एकच प्रश्न दिसला. सूत्रधाराने फासे खोटे वाचणे याहून मोठा गुन्हा त्या जगात नव्हता. “मी नाही,” एवढे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पण ते पुस्तकातले नव्हते. आले तसे परत गेले.

‘कक्षे’वर दोन दिवसांत दोन तट पडले. स्वतःला नियमनिष्ठ म्हणवणाऱ्यांनी प्रस्ताव मांडला, की तिसऱ्या वर्षापुढचा सगळा इतिहास, त्यावर लोकांनी लिहिलेल्या शेकडो कथांसह, ‘काल्पनिक’ या सदरात हलवावा. ज्या यानाचा खिळानखिळा काल्पनिक होता, त्याच्याबद्दल हे चालले होते आणि कोणालाही हसू येत नव्हते. दुसरा प्रस्ताव लहानसाच होता: यापुढे प्रत्येक टेबलावर पंचच सूत्रधार असावा.

मुकुलने तो प्रस्ताव पुन्हा पुन्हा वाचला. खाली माग धडधडत होते. जगात बसायला त्याच्याजवळ एकच खुर्ची होती, आणि तीही पडद्याआडची.

संध्याकाळी शर्वरीचा फोन आला.

“खरं सांग. आमची दया येऊन वाचवलं का तू आम्हाले?”

“नाही.”

“मंग वाचलो कसे?”

“मला माहीत नाही.”

“श्वासकोंडीच्या दिवशी दार बंद व्हायच्या आत मी पोचली होती ना बे? म्या घरी पेढे वाटले होते तेव्हा. आजी विचारे, पोरगी कोणत्या परीक्षेत पास झाली म्हणून.” ती हसली, पण ते हसू अर्ध्यावर राहिले. “ते खोटं असंल, तर मले पेढे वापस पाहिजेत.”

“खोटं नव्हतं,” मुकुल म्हणाला. “पण ते मला सिद्ध करता येत नाही.”

“करून दाखवू. काकांनी वसईले बोलावलंय. एकाच टेबलावर, त्या पंचाच्या समोर, श्वासकोंडी पुन्हा खेळायची. सगळी ‘कक्षा’ पाहीन. हरलो तर हरलो. तू येशील.”

मुकुलला नाही म्हणायचे होते. ते त्याला जमले नाही.

वसईच्या त्या गावात केळीच्या बागा थेट अंगणापर्यंत आल्या होत्या. ओट्यावर मोठे लाकडी टेबल मांडलेले, त्यावर इनासकाकांच्या पत्नी मोनिकाकाकूंनी ठेवलेली सुकेळ्यांची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, ताटली आणि भिंतीवर एक पडदा. त्यावर ‘कक्षा’वासीयांचे शब्द मुंग्यांच्या रांगेसारखे वर सरकत होते. रुबीना आधीच पोचली होती आणि काकूंचा रक्तदाब तपासत होती. शर्वरी पायरीवर उभी होती. तिने मुकुलकडे मान वर करून पाहिले.

“तू एवढा उंच आहे, हे दहा वर्षांत सांगितलं नाही कधी?”

“विषय निघाला नाही.”

“आन् काढला असता कोणी? तू?”

इनासकाका पोट धरून हसले आणि त्यांनी मुकुलला पाठीवर अशी थाप मारली, की त्याची पिशवी खांद्यावरून घसरली.

टेबलाच्या टोकाला, सूत्रधाराच्या जागी, पंचाची पेटी ठेवलेली होती. तिच्यावर एक हिरवा दिवा शांतपणे जळत होता. मुकुल पिशवी सावरत उभाच राहिला. पेटीकडे पाहून त्याला राग आला नाही. स्टेशनावर आपली गाडी आपल्याशिवाय सुटताना पाहावी, तसे काहीसे वाटले.

“बस ना,” शर्वरीने शेजारची खुर्ची पायाने ओढली. “खेळ आमच्यासंग.”

“माझ्याकडे पात्र नाही.”

“हजार पानं पाठ आहेत तुले. एक माणूस नाही बनवता येत?”

त्याने माणूस बनवला. शेवाळाच्या टाक्या घासणारा, सर्वांत खालच्या दालनातला.

“नाव काय ह्याचं?” रुबीनाने विचारले.

“लागतंच का?”

“थोड्या वेळात मरायचंय त्याला. नाव तरी असू दे की.”

“लिहा काहीतरी,” मुकुल म्हणाला, आणि रुबीनाने खरोखरच कागदावर ‘काहीतरी’ असे लिहिले. पडद्यावर नाशिकच्या दंतवैद्यबाईंनी टाळ्या पाठवल्या.

श्वासकोंडीचा नियम भयंकर होता, पण समजायला अवघड नव्हता. खेळणारे जितके तितकी दालने, म्हणजे आज चार, प्रत्येकाची एक टाकी, प्रत्येकासाठी एक माणूस. दर फेरीला प्रत्येकाने एक फासा टाकायचा. सहा आला तर टाकीत श्वास साठतो. एक आला तर साठा उतरतो. साठा संपला की ते दालन बंद होते आणि त्यातल्या माणसांचा भार शेजारच्या दालनावर पडतो. तेही मग लवकर थकते. पंचाच्या हजारो प्रवासांत हेच झाले होते. प्रत्येक दालन आपापला श्वास राखत राहिले. सर्वांत दुबळे आधी पडले, त्याच्या भाराने दुसरे, दोघांच्या भाराने तिसरे.

पंचाने संकट वाचून दाखवले. फासे पडले. मुकुलला एक आला.

दुसऱ्या फेरीत पुन्हा एक. पिवळट फाशावरचा तो एकुलता ठिपका त्याच्याकडे रोखून पाहत होता. टाकी तळाशी आली होती. ‘सुरू झाले,’ असे कुणा नियमनिष्ठाने पडद्यावर लिहिले. मुकुलचे कान तापले. दहा वर्षे त्याने हे संकट इतरांवर आणले होते. ते अंगावर आल्यावर असे वाटते, हे हजार पानांत कुठेही लिहिलेले नव्हते. आता रुबीनाची मुलगी, शाळा, सातव्या वर्षीचा पहिला गणेशोत्सव, सगळे त्याच्याच हातून जाणार होते.

शर्वरी सुकेळे खात होती. तिने पडद्याकडेही पाहिले नाही. आपला सहाचा फासा बोटाने त्याच्यापुढे सरकवला आणि त्याचा फासा स्वतःकडे ओढला.

“तुझा एक मले दे. हा घे.”

“मग पुढच्या खेपेला माझा घे हो बाय,” इनासकाका त्याच दमात म्हणाले. “तुझी टाकी पण लय भरलेली नाय.”

हिरवा दिवा एकदा मिटला, पुन्हा उजळला.

“क्षमा करा,” पंच म्हणाला. “आता काय झाले?”

“काय झालं?” रुबीनाने विचारले.

“फासे बदलले गेले.”

“हां. मग?”

“कोणत्या नियमानुसार?”

चौघांनी एकमेकांकडे पाहिले. आपल्या घराला वास असतो हे पाहुण्याने सांगावे, तसे ते पाहणे होते.

“नियम कसला त्याला?” रुबीना म्हणाली. “असंच करतो की आपण. कॅमेऱ्यावरसुद्धा. ‘तुझा एक दे, माझा पाच घे.’ पहिल्यापासनं.”

“नोंदींत याचा उल्लेख नाही.”

“नसणारच. गप्पाटप्पा, थट्टा, सगळं अवांतर गाळून मगच नोंद चढवायची, ही ‘कक्षे’चीच शिस्त ना? त्यात हेही गेलं.”

पडद्यावरची मुंग्यांची रांग थांबली होती. सवयीने सगळे मुकुलकडे पाहू लागले. नियम कोणत्या पानावर आहे ते तोच सांगे. मुकुलने डोळे मिटून हजार पाने चाळली. परवानगी कुठेच नव्हती. मनाईही नव्हती.

“पुस्तकात नाही,” तो म्हणाला.

“मी सांगतो ना,” इनासकाका पुढे सरकले. “पहिलाच रविवार. ह्या बायला काय येत नव्हतं. पहिला फासा टाकला, पडला एक. तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, माझा घे गो. म्हटलं, सूत्रधार आता ओरडेल. सूत्रधार गप्प! आम्हाला वाटलं, चालत असेल.”

“चालत नव्हतं?” शर्वरीने मुकुलला विचारले.

“मला नाही म्हणायचं होतं,” मुकुल म्हणाला. “शब्द फुटला नाही.”

मग शर्वरी हसली. इतकी, की तिला सुकेळ्याचा ठसका लागला. तिच्यामागून रुबीना, मग काका, मग दारात उभ्या काकू, आणि पडद्यावर हास्याचा असा पूर आला की अक्षरे दिसेनात. दहा वर्षे ज्या मौनाची मुकुलला लाज वाटत आली होती, त्यावर सारी ‘कक्षा’ आनंदाने खिदळत होती, आणि नवल म्हणजे त्यालाही हसू आवरत नव्हते.

“मला ही पद्धत चालवून पाहू द्या,” पंच म्हणाला आणि त्याचा दिवा लुकलुकू लागला.

ओट्यावर ऊन सरकत होते. केळीची पाने एकमेकांवर घासत होती. थोड्या वेळाने दिवा स्थिर झाला.

“यान जगते,” पंच म्हणाला. “सदैव नव्हे, बहुतेक वेळा. कारण मला अजून नीट मांडता येत नाही. भाग्य तेवढेच आहे. एकूण आकड्यांत काहीच वाढलेले नाही.”

“ताण,” मुकुल म्हणाला.

आवाज कापत होता. तो पुस्तकाचा नव्हता. तरीही त्याने तो तसाच पुढे जाऊ दिला.

“मी कापडाची वीण आखतो. धागा कमजोर असतो म्हणून कापड फाटत नाही. सगळा ताण त्याच्या एकट्यावर आला की फाटतं. आडवा धागा त्याला शेजाऱ्यांशी बांधतो. ताण तेवढाच राहतो, पण तो एका जागी थांबत नाही, फिरत राहतो. आमचा तो एक असाच फिरत होता. शर्वरीकडे, मग काकांकडे, मग रुबीनाकडे. कुणाचीच टाकी रिकामी व्हायच्या आत तो पुढे जायचा.”

“भोरड्यांच्या थव्यातही,” पंच सावकाश म्हणाला, “प्रत्येक पक्षी शेजारच्या सहा-सात पक्ष्यांकडेच पाहतो. थवा कोणीच पाहत नाही.” मग जरा थांबून त्याने जोडले, “सूत्रधाराविषयीचे माझे स्पष्टीकरण मी मागे घेतो. ते केवळ सरळ होते.”

मुकुलने पेटीकडे पाहून मान हलवली. शर्वरीने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय मारला. पेढे परत करायची गरज उरली नव्हती.

‘कक्षा’ मात्र ‘कक्षा’च होती. काही क्षणांत परिशिष्टाचे मसुदे येऊ लागले: फासा एका खेळात किती वेळा द्यावा, कोणी कोणाला द्यावा, घेणाऱ्याने परतफेड कधी करावी. दंतवैद्यबाईंचा मसुदा सर्वांत सविस्तर होता. पंचाने तो आज्ञाधारकपणे चालवून पाहिला.

“यान पाचव्या वर्षी गुदमरते,” तो म्हणाला. “मर्यादा ठरली की माणसे आपला फासा अधिक वाईट दिवसासाठी राखून ठेवतात. तो दिवस येतो, तेव्हा शेजारी उरलेला नसतो.”

‘दोन वर्षे तरी वाढवली मी,’ बाईंनी लिहिले, आणि मसुदा मागे घेतला. त्यापाठोपाठ नियमनिष्ठांचे दोन्ही प्रस्तावही, फारसा आवाज न करता, मागे घेतले गेले.

“पण काहीतरी लिहायला पाहिजे,” रुबीना म्हणाली. “नव्या टेबलांना कसं कळणार?”

पुन्हा सगळे मुकुलकडे पाहू लागले. या वेळी त्याला पाने चाळावी लागली नाहीत.

“पहिल्या पानावर एक ओळ,” तो म्हणाला. “शेजाऱ्याचा एक पडला तर काय करायचे, ते टेबलावर ठरवावे.”

“हे समीकरणात बसत नाही,” पंच म्हणाला.

“हो.”

“मग मी काय करू?”

“बघत राहा,” इनासकाका म्हणाले. “आणि तुझी कधी टाकी उतरली तर लाजू नको. ह्याच्यासारखा गप्प बसू नको.”

चौथ्या फेरीला मुकुलचा फासा टेबलावर बराच वेळ गरगरला आणि सहावर थांबला. रुबीनाचा एक पडला होता. यानातल्या कुणाच्याही आधी, काकांचा हात उठण्याच्याही आधी, मुकुल खुर्चीतून अर्धा उठला होता.

“तुझा एक मला दे!”

तो इतक्या मोठ्याने ओरडला की केळीतून दोन साळुंक्या उडाल्या. इनासकाकांनी खुंटीवरचे ट्रम्पेट काढले आणि लग्नाच्या वरातीत वाजवतात ती धून थेट अंगणात सोडून दिली. ‘जलपर्णी’ने तिसरे वर्ष ओलांडले तेव्हा तिच्या इतिहासात प्रथमच बँड वाजला.

पंच आता त्यांच्या टेबलावर कायमचा आहे. नियम तो सांभाळतो, मुकुल टाक्या घासतो. पात्राचे नाव अजून ‘काहीतरी’च आहे. नवी टेबले पहिले पान वाचून खेळायला बसतात आणि उरलेली हजार पाने हळूहळू, भांडत भांडत, शिकतात.

वसईहून परतल्यावर मुकुल वाण्याकडे गेला. खडखडाटात वाण्याला नीट ऐकू आले नाही आणि त्याने सवयीने मसूर बांधली. मुकुलने ती सवयीने घेतली. जिना चढताना मात्र त्याला हसू आले. त्याने पुडीचा फोटो काढून शर्वरीला पाठवला आणि खाली लिहिले: “तूर मागितली. पुन्हा मसूर.”

तिचे उत्तर तो दार उघडण्याआधीच आले होते.

“तुझी मसूर मले दे. येत्या रविवारी तूर घेऊन मीच येऊन राहिली.”